लेकीला पायलट करायचंय? आधी हा क्रम ठरवा

आमच्या बारामतीत विमानाचं कौतुक आता कुणाला फारसं राहिलेलं नाही. एमआयडीसीजवळच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उठत असतात, आणि उसात खुरपणाऱ्या बायका मानसुद्धा वर करत नाहीत. पण अलीकडे एक बदल झालाय. बचत गटाची बैठक संपली की एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "ताई, पोरगी पायलट व्हायचं म्हणतीय. किती लागतात हो?" पूर्वी हा प्रश्न मुलांसाठी यायचा. इंदापूरकडच्या एका मैत्रिणीनं तर सरळच विचारलं, "दोन एकर बँकेकडं ठेवली तर भागंल का?"

मी कला शाखेची पदवीधर, विमानातलं मला काय कळणार! पण असे प्रश्न येऊ लागल्यावर शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील, बँकेतले ओळखीचे अधिकारी यांना विचारत गेले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

मैत्रिणींनो, मुलींना हे जमेल का, ही शंका आधी काढून टाका. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सहवैमानिक निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता ते सिल्चर फोकर फ्रेंडशिप विमान नेलं होतं. आज आपल्या देशात शंभर वैमानिकांमागे साधारण बारा ते पंधरा स्त्रिया आहेत. जगाची सरासरी पाच-सहाच्या पुढे जात नाही.

खरी मेख आहे पैशाची, आणि तो कधी भरायचा याची. मुलाचं एक वर्ष वाया गेलं तर घरचे म्हणतात, "पुन्हा बघ." मुलीचं गेलं की स्थळं यायला लागतात. शिवाय "थोरलीनं काय दिवे लावले?" असं म्हणून धाकटीचीही वाट बंद होते. म्हणून मुलीला या वाटेवर पाठवताना पायऱ्यांचा क्रम चुकता कामा नये. माझं सांगणं एवढंच, मोठा पैसा सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी डॉक्टरांची. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यांनी मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून आधी 'क्लास टू' आणि मग 'क्लास वन' तपासणी होते. डोळे, कान, हृदय, रक्त, सगळं बघतात. चष्मा असला म्हणून बिघडत नाही, चष्म्यानं नजर पूर्ण सुधारली पाहिजे. रंग मात्र नीट ओळखता आले पाहिजेत. हिमोग्लोबिनही पाहतात, आणि आपल्या मुलींचं घोडं तिथंच अडतं! या तपासण्यांना येणारा खर्च फीच्या मानानं किरकोळ. म्हणून 'क्लास वन' हातात आल्याशिवाय कुठेही प्रवेशाचे पैसे भरू नका.

दुसरी पायरी अभ्यासाची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. कला-वाणिज्य शाखेच्या मुली हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतर देतात. पुढे हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय यांचे पेपर असतात, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण हवेत. बिनतारी संभाषणाची परीक्षा वेगळी. लेखी पेपरांचा अभ्यास उड्डाण सुरू होण्याआधीच करता येतो. त्यात मुलीची चिकाटी कळते, आणि तिचं तिलाही उमगतं की ही आवड आहे की नुसती गणवेशाची हौस.

तिसरी पायरी संस्थेची. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं. त्याचे तीन रस्ते आहेत. एक, आपल्या देशातली संस्था. बारामतीत सोय आहे, गोंदियाला आहे, आणि उत्तर प्रदेशात इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही सरकारी संस्था आहे, तिथे प्रवेश परीक्षा असते. खर्च साधारण पन्नास-साठ लाखांच्या आसपास जातो. दुसरा रस्ता परदेशाचा. तिथे तास लवकर भरतात, पण परत आल्यावर लायसन्स भारतीय करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी इथले पेपर सुटत नाहीत. तिसरा, विमान कंपन्यांचा कॅडेट कार्यक्रम. त्यात निवड आधी होते, म्हणून नोकरीची आशा जास्त, पण खर्च कोटीच्या घरात.

संस्था बघायला गेलात की चकचकीत ऑफिसात बसून राहू नका. विमानं किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, शिक्षक किती, मागच्या तुकडीला २०० तास भरायला किती महिने लागले, हे विचारा. शिकणाऱ्या मुलींशी बाहेर चहाच्या टपरीवर बोला. माझ्या ओळखीच्या एका घरानं एका संस्थेत सगळी फी एकदम भरली आणि पोरगा विमानाची वाट बघत कितीतरी महिने बसून राहिला. फी टप्प्याटप्प्यानं भरायची, परताव्याची अट लेखी घ्यायची. डीजीसीएनं २०२५ पासून उड्डाण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघा.

भीतीचंही बोलू. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. चालवणारी बावीस वर्षांची मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानांना अपघात झाले, त्यानंतर डीजीसीएनं संबंधित संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. म्हणून घाबरून मुलीला घरी बसवायचं नाही. पण विमानांची देखभाल कोण करतं, हे विचारायला आईनं लाजायचं कशाला? शिवाय प्रशिक्षण थांबलं तरी कर्जाचं व्याज थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता दोन एकरांचा प्रश्न. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर बँका साधारण तारण मागतात. आणि लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. एअरबस किंवा बोइंग चालवायला 'टाइप रेटिंग' लागतं, त्याचे बहुधा आणखी पंधरा-वीस लाख. नोकरी लागायला वर्ष-दोन वर्षं गेली तर हप्ता कुठून भरायचा, हे आधी ठरवा. सगळी जमीन कधीच गहाण टाकू नका. शिष्यवृत्त्यांची चौकशी करा. महाज्योती संस्थेनं ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची योजना राबवली होती. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवायला हवं.

मुलीच्या लग्नात मांडव, जेवणावळी, दागिने यांवर कर्ज काढताना आपण इतके प्रश्न विचारतो का? तिथे नाही विचारत. मग शिक्षणाच्या कर्जाला विचारलेले प्रश्न हे मुलीवरचा अविश्वास समजू नका. उलट तिलाच सोबत बसवा, वही घ्या, तपासणी, पेपर, संस्था, कर्ज असे चार रकाने आखा आणि एकेक भरत जा. पहिले दोन रकाने तिनं स्वतः भरून दाखवले, की तिसऱ्यासाठी घरच्यांसमोर ठामपणे उभं राहायचं काम आपलं!