परसातल्या आंब्याचे वैरी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने किडींवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या परसात आजोबांनी लावलेला हापूस आहे आणि यंदा त्याच्या बुंध्याशी भुसा दिसू लागला आहे.

भुसा ही भिरुडाची खूण. ही भुंग्याची अळी खोड आतून पोखरते. फांद्या वाळू लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. छिद्रात तारेचा आकडा घालून अळी ओढून काढावी, पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारावा आणि तोंड चिखलाने लिंपावे.

पाने चिकट होऊन त्यांवर काजळी धरली, तर तुडतुडे आले असे समजावे. ते मोहोराचा रस शोषतात. दाटी झालेल्या फांद्या पावसाळा सरल्यावर विरळ करून ऊन-वारा आत खेळू द्यावा. मोहोर पूर्ण उमलला असताना विषारी फवारणी करू नये. परागीभवन करणारे कीटकही त्यात मरतात.

फळमाशी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या पुढे मातीत कोषात जातात. म्हणून गळलेली फळे रोज वेचून नष्ट करावीत. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात नर माश्या सापडतात.

मित्रहो, आपल्या दारच्या झाडाभोवती आठवड्यातून एक फेरी मारा. पिढ्यांनी जपलेले झाड त्याने वाचू शकते.