आधी मोजा, मग बदला

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाताना मोटारसायकलची वीज गेली, तर आधी फ्यूज पाहा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. नुसती तार गुंडाळली तर वायरिंग जळू शकते. पुन्हा उडाला, तर बहुधा कुठेतरी वायर सोलली जाऊन शॉर्ट होते आहे.

मग बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. गाडी चालू करून रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा वाढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर तपासा.

बॅटरी भरलेली असूनही सेल्फ फिरत नसेल, तर तिची टोके आणि अर्थिंगची वायर घासून घट्ट करा. मराठवाड्याच्या उन्हात रेग्युलेटर फार तापतो. त्यावरचा चिखल पुसत राहा.