मतदारांना जेरीस आणणारा नकाशा

नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. राज्यभरातल्या मतांची बेरीज केली तर डेमोक्रॅटिक पक्षाला सुमारे 53 टक्के मते पडली होती. 99 जागांपैकी त्यांना मिळाल्या 36. उरलेल्या 63 रिपब्लिकन पक्षाच्या.

53 हा आकडा थोडा फुगलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. अनेक मतदारसंघांत रिपब्लिकनांनी उमेदवारच उभा केला नव्हता. पण त्याच दिवशी गव्हर्नरपद (हे पद तिकडे थेट निवडणुकीने मिळते) डेमोक्रॅट टोनी एव्हर्स यांनी जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने जिंकले. म्हणजे राज्य जवळजवळ अर्धेअर्धे होते, आणि विधानसभा तशी नव्हती. मतमोजणीत गडबड झाली नव्हती. जे व्हायचे ते सात वर्षांपूर्वी, मतदारसंघांचा नकाशा आखतानाच होऊन गेले होते.

या प्रकाराला जेरीमँडरिंग म्हणतात. स्वतःच्या पक्षाला सोयीच्या पडतील अशा मतदारसंघांच्या सीमा आखणे, एवढाच त्याचा अर्थ. 1812 साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी अशा एका नकाशाच्या कायद्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वाकडातिकडा होता की बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नखे काढून सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा एक प्राणी, करून टाकले. गेरी आणि सॅलमँडर मिळून हा शब्द झाला. गेरींच्या आडनावातला ‘ग’ पुढे लोकांच्या तोंडी ‘ज’ झाला. मराठी कानाला ‘जेरीस आणणे’ आठवते, ते अर्थाने अगदीच चुकीचे नाही.

आता हे घडते कसे, ते क्रमाने पाहू.

सुरुवात जनगणनेपासून होते. अमेरिकेत दर दहा वर्षांनी, शून्याने संपणाऱ्या साली, शिरगणती होते. लोक गाव सोडून शहरात जातात, उपनगरे फुगतात, म्हणून सीमा पुन्हा आखाव्या लागतात. 1964 सालच्या ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येने जवळपास सारखे असलेच पाहिजेत, असे ठरवून दिले. तेव्हा सीमा बदलणे यात काही वावगे नाही. ते करावेच लागते.

पुढचा प्रश्न, पेन्सिल कोणाच्या हातात? आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या सीमा मतदारसंघ पुनर्रचना आयोग ठरवतो. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत नसते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र नकाशा हे एक साधे विधेयक असते. आमदार ते मंजूर करतात, गव्हर्नर सही करतो. ज्या मतदारसंघातून स्वतः निवडून यायचे, त्याची हद्द स्वतःच ठरवायची.

विस्कॉन्सिनमध्ये 2010 च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद रिपब्लिकनांकडे गेले. 2011 चा नकाशा विधानभवनात तयार झालाच नाही. मॅडिसन शहरात समोरच्या रस्त्यावरच्या एका वकिली कचेरीत तो संगणकावर बनला. रिपब्लिकन आमदारांना आपापला मतदारसंघ तेवढा दाखवला गेला, आणि तोही गुप्ततेच्या करारावर सही घेऊन.

या संगणकात काय भरतात? वस्ती-वस्तीची लोकसंख्या आणि मागच्या निवडणुकांत तिथे कोणाला किती मते पडली त्याचा हिशेब. मग रेघ एका गल्लीने इकडे सरकवली की निकाल किती बदलतो, ते लगेच दिसते. गेरींच्या काळी हे अंदाजाने चालायचे.

खरी मेख समजायला एक छोटे गणित करू. कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम. एका वाडीत 25 मतदार आहेत. 15 जण आंबा पक्षाचे, 10 फणस पक्षाचे. पाच-पाच मतदारांचे पाच प्रभाग करायचे आहेत. तीन मते मिळाली की प्रभाग जिंकला.

रेघा फणसवाल्यांच्या हातात आहेत असे समजा. ते तीन प्रभाग असे पाडतात की प्रत्येकात 3 फणस आणि 2 आंबा. त्यात त्यांचे 9 आणि समोरचे 6 मतदार संपले. उरले 9 आंबा आणि 1 फणस. त्यांचे दोन प्रभाग करा, एक 5-0 आणि दुसरा 4-1. निकाल काय? 40 टक्के मतांवर फणस पक्षाला पाचांपैकी तीन जागा. वाडीत एकही मतदार फिरला नाही.

यात दोन युक्त्या आहेत. विरोधकांचे मतदार शेवटच्या दोन प्रभागांत खच्चून भरले, हे ‘पॅकिंग’, म्हणजे कोंबणे. उरलेले तीन प्रभागांत दोन-दोन करून विखुरले, हे ‘क्रॅकिंग’, म्हणजे फोडणे. (याला फोडणी म्हणायचा मोह होतो, पण इथे स्वाद वाढत नाही.) कोंबलेल्या ठिकाणी विरोधक उगाच प्रचंड मतांनी जिंकतात, फोडलेल्या ठिकाणी थोडक्यात हरतात.

तीच पेन्सिल आंबावाल्यांना दिली तर? प्रत्येक प्रभागात 3 आंबा, 2 फणस. पाचच्या पाच जागा त्यांच्या. 60 टक्के मतांवर शंभर टक्के जागा. म्हणून ‘बहुमतवाल्यांनी आखले तर बरे’ हेही खरे नाही.

हा डाव मोजता येतो का? येतो. हरलेल्या उमेदवाराची सगळी मते, आणि जिंकलेल्याला गरजेपेक्षा जास्त पडलेली मते, ही ‘वाया गेलेली मते’ समजायची. फणसवाल्यांच्या नकाशात आंबा पक्षाची 9 मते वाया गेली, फणस पक्षाचे फक्त 1. फरक 8, म्हणजे 25 पैकी 32 टक्के. या मापाला ‘एफिशियन्सी गॅप’ म्हणतात. आपण वाडीचे गणित करून पाहिलेत तर हे माप आपल्याला आलेच.

इथे बहुतेकांची एक चूक होते. वाकडा आकार दिसला की लोक ‘जेरीमँडर’ म्हणून बोट दाखवतात. पण नदीकाठचा मतदारसंघ वाकडाच असतो, आणि नीट चौकोनी रेघांनीही लोकांना बेमालूम कोंबता येते. आकार ही फार तर शंकेची जागा.

दुसरी चूक उलट बाजूची, सगळा फरक भूगोलाच्याच माथी मारण्याची. विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट मॅडिसन आणि मिलवॉकी या दोन शहरांत दाटीने राहतात. ते आपोआपच थोडे ‘कोंबलेले’ असतात. निःपक्ष माणसाने नकाशा काढला तरी रिपब्लिकनांना काही जागा जास्त मिळतील. हे खरेच आहे. म्हणूनच अभ्यासक संगणकाकडून, पक्ष न पाहता, हजारो नकाशे काढून घेतात आणि प्रत्यक्षातला नकाशा त्या गर्दीत कुठे बसतो ते बघतात. भूगोलाने जेवढे समजावता येते त्याच्या पलीकडचे जे उरते, ते हाताने केलेले.

आता न्यायालयाची पायरी. विस्कॉन्सिनच्या ‘गिल विरुद्ध व्हिटफर्ड’ खटल्यावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. तिथे मूळ प्रश्नाला हातच लागला नाही. तक्रारदारांचे स्वतःच्या मतदारसंघात नेमके काय नुकसान झाले ते दाखवा, असे सांगून खटला खाली पाठवला गेला. पुढच्या वर्षी, 27 जून 2019 रोजी, ‘रूचो विरुद्ध कॉमन कॉज’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला की पक्षीय जेरीमँडरिंगचा निवाडा करणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे कामच नाही. त्यात उत्तर कॅरोलिनातला रिपब्लिकनांचा नकाशा होता, आणि जोडीच्या खटल्यात मेरीलँडमधला डेमोक्रॅटांचा. हा रोग एका पक्षाचा नाही, याचा दाखला त्याच निकालपत्रात मिळतो.

त्या निकालाने राज्यांची स्वतःची न्यायालये मात्र मोकळी राहिली, आणि लढाई तिकडे सरकली. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लोक दहा वर्षांसाठी निवडतात. एप्रिल 2023 मध्ये जॅनेट प्रोटासिविच तिथे निवडून आल्या. प्रचारात त्यांनी नकाशांबद्दलचे आपले मत लपवले नव्हते. न्यायाधीशाने असे बोलावे का, हा प्रश्न मला आजही खटकतो. नकाशा दुरुस्त व्हायला न्यायपीठाची निवडणूक जिंकावी लागली, यात अभिमान वाटण्यासारखे फारसे नाही.

ऑगस्टमध्ये त्या पदावर आल्या आणि दुसऱ्याच दिवशी खटला दाखल झाला. 22 डिसेंबर 2023 रोजी चार विरुद्ध तीन मतांनी, पुढच्या जनगणनेनंतर 2011 च्या जागी आलेले नकाशे रद्द झाले. कारण मात्र पक्षपाताचे नव्हते! राज्यघटनेत लिहिले आहे की मतदारसंघाचा प्रदेश सलग असावा, आणि 99 पैकी निदान 50 मतदारसंघांत मुख्य भागापासून तुटलेली बेटे निघाली. न्याय कधी कधी अशा बाजूच्या दारानेही आत येतो.

नवे नकाशे न्यायालयाने काढावेत, हे आमदारांना गव्हर्नर एव्हर्स यांनी सुचवलेल्या नकाशाहून महागात पडले असते. म्हणून रिपब्लिकन विधिमंडळाने एव्हर्स यांचाच नकाशा मंजूर केला, आणि 19 फेब्रुवारी 2024 रोजी त्यांनी त्यावर सही केली. त्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेत रिपब्लिकन 64 वरून 54 वर आले, डेमोक्रॅट 35 वरून 45 वर. सत्ता बदलली नाही. याला कोणी अपयश म्हणेल, पण त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनीही ते राज्य थोडक्यात जिंकले होते. अटीतटीच्या राज्यात अटीतटीची विधानसभा आली, एवढेच मागणे होते.

शेजारच्या मिशिगनने निराळी वाट धरली. तिथे 2018 मध्ये मतदारांनीच सुमारे 61 टक्के मतांनी घटनादुरुस्ती करून पेन्सिल 13 नागरिकांच्या आयोगाला दिली. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. अर्ज मागवून त्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड. तरी चूक झालीच. डेट्रॉईट भागातले 13 मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून संघराज्य न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये रद्द केले. आयोगाने नियत सुधारते, कौशल्य वेगळे कमवावे लागते.

ओहायोत तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पाच वेळा नकाशे फेटाळले, आणि निवडणूक शेवटी फेटाळलेल्याच एका नकाशावर झाली. निकाल देणे आणि तो अमलात आणणे यांत किती अंतर असते, ते तिथे दिसले.

विस्कॉन्सिनच्या मतदारांना मिशिगनसारखा मार्ग खुला नाही. राज्यव्यापी प्रस्ताव स्वतःहून मतपेटीपर्यंत नेण्याचा हक्क त्यांच्या घटनेत नाही. तिथल्या सिनेटच्या (वरच्या सभागृहाच्या) 33 पैकी साधारण निम्म्याच जागांची निवडणूक एका वेळी होते, म्हणून उरलेल्या 17 जागांची नव्या नकाशावरची पहिली पाळी नोव्हेंबर 2026 ची. त्यानंतर 2030 ची जनगणना. आणि 2031 च्या नकाशाची पेन्सिल, कायदा बदलला नाही तर, पुन्हा आमदारांच्याच हातात असेल.