नोंद पडण्याआधी आणि नोंद पडल्यावर

कलाशाखेच्या वार्षिकांकात संगणकावरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांना विनंती एवढीच की, क्षणभर थांबावे. विषय यंत्राचा दिसत असला तरी तो खरे म्हणजे अर्जाचा आहे, आणि अर्ज भरण्यातून आपल्यापैकी कोणीच सुटलेला नाही. २००९ साली मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. तेव्हापासून मुलुंड असो की बोरिवली, पडद्यासमोर बसून नाव, पत्ता, गुण भरायचे आणि देवाचे नाव घेऊन शेवटचे बटण दाबायचे, हे उपनगरातल्या मुलांच्या नित्य परिचयाचे झाले आहे. ते बटण दाबल्यावर पलीकडे काय घडते, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे. मला ते समजले माझ्याच एका चुकीमुळे, म्हणून आधी ती चूक सांगतो.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरासाठी नावे नोंदवण्याचे काम माझ्याकडे आले. महाविद्यालयाचे नोंदणीचे पान कोण्या माजी विद्यार्थ्याने मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या पद्धतीने पूर्वीच बांधून ठेवले होते. मी संध्याकाळच्या वर्गात थोडेफार प्रोग्रॅमिंग शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर त्यात फेरफार केले. अर्ज आले, यादी लागली. दुसऱ्या दिवशी वर्गातली एक मैत्रीण जिन्यात भेटली.

"अरे, यादीत माझं नाव नाही. मी पहिल्याच दिवशी अर्ज भरला होता."

"तू शेवटचं बटण दाबलंच नसशील," मी बेधडक सांगितले.

"दाबलं होतं. 'आभारी आहोत, आपला अर्ज मिळाला' असं आलं होतं ना तुझ्या पानावर!"

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. शिबिराच्या जागा भरल्या होत्या. ती घरी राहिली आणि आम्ही गेलो. परत आल्यावर मनाला चैन पडेना म्हणून पानाचे पोट उघडून बसलो. ती खरे बोलत होती.

काय झाले होते, ते कळण्यासाठी थोडी माहिती हवी. या पद्धतीत अर्जाचा चौकोन दाखवणारे, भरलेली उत्तरे गोळा करणारे आणि ती माहितीकोशात नेऊन टाकणारे एक तयार साधन असते. त्याला कंट्रोल म्हणतात. फॉर्मव्ह्यू आणि डीटेल्सव्ह्यू ही अशी दोन साधने २००५ साली आली. नंतरच्या नव्या पद्धतींनी त्यांना मागे टाकले असले, तरी जुनी कितीतरी पाने अजून त्यांवर चालतात. साधन नोंद टाकण्याचे काम स्वतः करते, मात्र दोन वेळा थांबून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हाक मारते. नोंद टाकण्याच्या अगदी आधीची हाक म्हणजे 'आयटम इन्सर्टिंग'. नोंद टाकण्याचा प्रयत्न झाल्यानंतरची हाक म्हणजे 'आयटम इन्सर्टेड'. या हाकांना इव्हेंट, म्हणजे घटना, असे म्हणतात.

ज्यांच्या घरी गावाकडे शेतजमीन आहे, त्यांना ही दोन टप्प्यांची रीत नवी वाटू नये. जमिनीचा मालक वारला की वारसांचे नाव सातबाऱ्यावर थेट चढत नाही. ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो, ते त्याआधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद धरतात. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते. कोणाची हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मगच सातबारा बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये ही पद्धत घालून दिली आहे. हरकतीची वेळ निराळी आणि नोंद कायम झाल्याचे सांगण्याची वेळ निराळी. नोंद प्रमाणित होण्याआधीच कोणी वारसाच्या हाती नवा सातबारा ठेवला, तर त्याला आपण काय म्हणू? मी नेमके तेच केले होते.

पहिली हाक ही हरकतीची वेळ होय. भरलेली सर्व उत्तरे या क्षणी प्रोग्रॅमच्या हातात असतात. नावाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढाव्यात, जन्मतारीख शक्यतेतली आहे का पाहावे, अर्ज भरल्याची वेळ सर्व्हरच्या घड्याळावरून आपण घालावी. काही चुकत असेल तर 'कॅन्सल' असे सांगून नोंद येथेच अडवता येते. अडवली तर कारण मात्र अर्जदाराला सांगितलेच पाहिजे. पान उघडणाऱ्या ब्राउझरनेही काही तपासण्या केलेल्या असतात, पण त्यांच्यावर विसंबू नये, कारण त्या सहज चुकवता येतात.

या वेळी न सुटणारी एक गोष्टही आहे. घाईत बटण दोनदा दाबले गेले की एकाच मुलाचे दोन अर्ज येऊ शकतात. "हा क्रमांक आधी आला आहे का?" असे पहिल्या हाकेत विचारता येते, पण दोन्ही अर्ज एकाच क्षणी पोहोचले तर दोघांनाही "नाही" असेच उत्तर मिळते. म्हणून एका हजेरी क्रमांकाची एकच नोंद, हा नियम माहितीकोशातच घालावा लागतो. दुसरी नोंद मग तेथे आपोआप नाकारली जाते.

दुसरी हाक येते तेव्हा निकाल लागलेला असतो, आणि तो वाचणे हे या वेळेचे काम. किती ओळी पडल्या याचा आकडा मिळतो. काही बिघडले असेल तर त्याचे कारणही सोबत येते, त्याला एक्सेप्शन म्हणतात. येथे एक खटका आहे. "ही अडचण मी हाताळली आहे" असे प्रोग्रॅमने सांगितले की साधन गप्प बसते. न सांगितल्यास अर्जदारासमोर त्रुटीचे भलेमोठे इंग्रजी पान उभे राहते. ते पान कुरूप दिसते म्हणून मी तो खटका सरसकट दाबून टाकला होता, आणि खाली निकाल न पाहताच आभाराचे वाक्य लिहिले होते. अडचण हाताळली असे मी म्हणालो. प्रत्यक्षात मी ती झाकली होती.

तिच्या अर्जात अडचण कोणती होती? तिने वडिलांच्या नावाची जागा मोकळी सोडली होती. ती आईचे नाव लावते, आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. अर्जावर त्या जागेपुढे 'आवश्यक' असे लिहिलेले नव्हते. मात्र माहितीकोशाच्या तक्त्यात तो रकाना रिकामा चालणार नाही, असा नियम फार पूर्वी कोणीतरी घातला होता. मोकळे उत्तर तेथे पोहोचताना 'काहीच नाही' असे बनले, तक्त्याने नोंद नाकारली, एक्सेप्शन आले, मी ते गिळले आणि पडद्यावर आभार झळकले. कोणी तिला ठरवून वगळले नव्हते. तिला आपण वगळलो गेलो हे कळण्याची सोयही मी ठेवली नव्हती, आणि मला ही गोष्ट अधिक लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे. आईच्या नावाला अशी हक्काची जागा मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण निर्णय कागदावर होतो आणि जुने रकाने तक्त्यांत तसेच राहतात. कोणता रकाना सक्तीचा, हे ठरवताना आपण माणसांविषयी एक मत नोंदवत असतो. ते मत मी न वाचताच पुढे चालवले होते.

आता दुरुस्ती. त्या रकान्याची सक्ती काढली. दुसऱ्या हाकेत आधी अडचण आहे का ते पाहिले. असल्यास "अर्ज नोंदला गेलेला नाही" असे साध्या मराठीत कारणासह सांगितले, आणि भरलेला मजकूर पुसला जाऊ नये म्हणून साधनाला नोंदीच्याच अवस्थेत थांबवले. अडचण नसेल आणि एक ओळ पडली असेल, तरच आभार. तेही नोंद पुन्हा वाचून, क्रमांकासह आणि जशी साठली तशी दाखवून. हे वाचणे अनाठायी नाही. रकाना जुन्या प्रकारचा असेल तर देवनागरी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठतात. एक्सेप्शन येत नाही, ओळ एक पडलेली असते आणि नाव मात्र गेलेले असते. हे फक्त नोंद परत वाचणाऱ्यालाच दिसते.

मैत्रिणीला मी सारे सांगितले आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "तेव्हा जिन्यात माझं ऐकलं असतंस तरी पुरे होतं." त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. यंदाच्या नोंदणीत पहिला अर्ज तिचा आला. पडद्यावर क्रमांक उमटला, खाली तिचे आणि तिच्या आईचे नाव जसेच्या तसे होते. तरीही तिने तो क्रमांक वहीत उतरवून घेतला. वाचकहो, तुम्हीही अर्ज भरताना तेच करावे. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या अर्जाचे पान बांधायला बसलाच, तर नोंद पडल्याचे पाहिल्याशिवाय कोणाचेही आभार मानू नयेत.

(तृतीय वर्ष कला)