लिनक्सवाल्यांनो, कॅमकॉर्डर घेताय?

मित्रांनो, पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन करूळ घाटातलं धुकं शूट कराल, पण ते लिनक्सवर उतरलं पाहिजे ना! दुकानदार झूम सांगतो. आपण आधी विचारायचं, रेकॉर्डिंग बाहेर कसं काढायचं?

मेमरी कार्डवाला कॅमकॉर्डर सर्वांत सोपा. यूएसबीला जोडला की बहुतेक वेळा पेन ड्राइव्हसारखा दिसतो, कंपनीची सीडी लागत नाही. ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड सहसा एक्सफॅटचं असतं, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१९ साली (५.४) आला, म्हणून फार जुनं कर्नल नको. एव्हीसीएचडीच्या फाइल्स केडेनलाइव्हमध्ये एडिट होतात.

मिनीडीव्हीला मात्र फायरवायर पोर्ट आणि डीव्हीग्रॅब लागतं. तासाची टेप उतरवायला तासच जातो, जागा सुमारे १३ जीबी. शिवाय घाटातल्या दमट हवेत आतल्या ड्रमवर ओल धरली की असा कॅमेरा चालायचं थांबतो. म्हणून नवीन शूटिंगला टेप नको. पण कपाटात जुन्या गॅदरिंगच्या टेप असतील तर लवकर उतरवून घ्या. कर्नलमधल्या फायरवायरची देखभाल २०२९ पर्यंतच करायचं ठरलंय.

आणि हो, दुकानात आपला लॅपटॉप न्या. जोडा, एक क्लिप कॉपी करा, चालवून बघा. मगच पैसे मोजा!