दोन नंबरची होडी का गळत होती?

बोटिंगला ज्यांच्या वाट्याला दोन नंबरची होडी आली, त्यांना डब्याने पाणी उपसायची सवय असेलच. या वर्षी ती भंगारात जाणार होती. उस्ताद म्हणाले, "आधी गळते कुठून ते तर बघा." म्हणून आम्ही तिघे कामाला लागलो.

होडी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, रिव्हेटने जोडलेली. पत्रा चांगला होता. काठावर ओढताना, वल्ही मारताना तळ थोडा थोडा लवतो. अशी वर्षं गेली की रिव्हेट भोकात सैल होतात आणि त्यांच्या कडेने पाणी झिरपतं.

गळती शोधायची ती पाण्याबाहेर. होडी दोन बाकांवर ठेवून आत चार बोटं पाणी भरलं आणि खाली झोपून, जिथे थेंब दिसला तिथे मेणाच्या खडूने खूण केली. काठोकाठ भरू नका! शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि खाली आधार फक्त दोन बाकांचा. खुणा तेवीस झाल्या.

सैल रिव्हेट पुन्हा आवळता येतो. एकाने बाहेरून त्याच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा घट्ट टेकवायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हलके ठोके द्यायचे. ठोकळा माझ्याकडे होता. एकदा हात घसरला, पत्र्याला पोचा पडला आणि शेजारचा चांगला रिव्हेट गळू लागला. उस्ताद काही बोलले नाहीत, त्यांनी खडू माझ्या हातात दिला. चोविसावी खूण मीच केली.

डोकं झिजलेले रिव्हेट ड्रिलने काढून नवे बसवले. साधा पॉप रिव्हेट इथे चालत नाही, कारण तो मधून पोकळ असतो. बंद टोकाचा हवा, तोही ॲल्युमिनियमचाच. पूर्वी कोणीतरी एका भोकात लोखंडी स्क्रू पिळला होता. त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमून भोक दुप्पट झालं होतं. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की विद्युत घट तयार होतो, आणि लोखंडाच्या जोडीला ॲल्युमिनियम झिजतं. दहावीच्या क्रियाशीलता श्रेणीत ते लोखंडाच्या वर का असतं, ते मला तिथे कळलं.

वेल्डिंग का नाही? ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरच्या ऑक्साइडच्या थराला २००० अंशांहून जास्त लागतात. साध्या वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोकच पडतं.

शेवटी सांधे घासून, पूर्ण वाळवून आतून पॉलियुरेथेन सीलंट भरला. सिलिकॉन स्वस्त, पण त्यावर रंग धरत नाही. आठवडाभर होडीला हात लावला नाही.

पुन्हा पाणी भरलं तेव्हा दोनच थेंब दिसले. त्यातला एक माझ्या पोच्याजवळचा. डबा अजून होडीतच ठेवला आहे.