सव्वीस गुंठ्यांचा सिनेमा

‘दो बिघा जमीन’ म्हणजे नेमकी किती? बंगाली बिघा साधारण एक तृतीयांश एकराचा. म्हणजे आपल्या हिशेबात दोन बिघे झाले जेमतेम सव्वीस गुंठे! तेवढ्या तुकड्यासाठी चित्रपटाचा नायक शंभू महातो कोलकाता गाठतो आणि हातरिक्षाला स्वतःला जुंपून घेतो. जमीनदाराचं देणं पासष्ट रुपये असल्याची त्याची समजूत, कोर्टात ते निघतं दोनशे पस्तीस. मुदत तीन महिने.

बिमल रॉय यांचा १९५३चा हा चित्रपट म्हणजे रचलेली कथा. मानवशास्त्रज्ञांनी खऱ्या जगण्यावर काढलेला माहितीपट नव्हे. पण त्यामागची तयारी वाचली की हा फरक पुसट होतो.

शंभूच्या भूमिकेसाठी बलराज साहनी आले ते सुटाबुटात. लाहोरला इंग्रजीत एम.ए. केलेले, लंडनला बीबीसीत काम केलेले. रॉयना वाटलं, माणसाची निवड चुकली. साहनींनी मग जोगेश्वरी गाठली. तिथे म्हशी राखणाऱ्या उत्तर भारतीय भैयांमध्ये ते जाऊन बसत. चालतात कसे, जेवतात कसे, सगळं निरखत. डोक्याला गमछा गुंडाळायची तऱ्हासुद्धा दर माणसागणिक निराळी! मानवशास्त्राचा विद्यार्थी पाड्यावर मुक्काम ठोकून दुसरं काय करतो?

तरीही कोलकात्यात, खऱ्या रस्त्यांवर रिक्षा ओढताना साहनींचा धीर खचला. तेव्हा बिहारचा एक रिक्षावाला, हे काय चाललंय म्हणून विचारायला आला. साहनींनी गोष्ट सांगितली आणि त्याचे डोळे भरले. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण होती, ती सोडवण्यासाठी तो वर्षानुवर्षं इथे रिक्षा ओढत होता. साहनींनी अभिनयाची पुस्तकं तिथेच मनातून काढून टाकली आणि तो माणूस पडद्यावर आणला. माझ्या मते, चित्रपटाचा दस्तऐवज झाला तो तिथे.

मराठी वाचकाला यात आणखी एक नवल सापडेल. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ सालीच ‘सावकारी पाश’ काढला होता. कथा हरिभाऊ आपट्यांची, तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. तो शेतकरी जमीन गमावून शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो. शंभूच्या सव्वीस गुंठ्यांवर तर गिरणीच उभी राहते.